प्रोग्रॅमिंग शिकायचंय? आधी उसाचं बिल वहीत मांडा

हळदबाजार (सांगली)

परवा पलूसहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा बारावी झाला, बीसीएला (संगणकाच्या पदवीला) नाव घातलंय. कॉलेज सुरू व्हायला अजून दीड महिना आहे. तेवढ्यात शंभर फुटी रोडवरच्या एका क्लासात तिला सांगितलं, सहा भाषा चार महिन्यांत शिकवतो, फी ४५ हजार, आत्ता नाही घेतलं तर पोरगं मागं पडेल. तिचा एवढाच प्रश्न होता: दादा, भरू का पैसे?

मी नको म्हटलं. फोनवर कारण नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं मांडतोय. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा, कारण भाचा हे सगळं वाचणार आहे.

मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं अठरा वर्षांचं काम. हळदीचे सौदे, बेदाण्याच्या पेट्या, अडत, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी. दर उन्हाळ्यात दोन-चार मुलं शिकायला येऊन बसतात. काही टिकली, बरीच सुटली. सुटली त्यांची बुद्धी कमी होती असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्याकडं स्वतःचा प्रश्न नव्हता. पुस्तकातले प्रश्न सोडवून झाले की ती विचारायची, "आता काय करू?" टिकलेल्यांतल्या एकाला वडिलांच्या दूध संघाच्या फॅटचा हिशेब पडताळायचा होता, एकीला बचत गटाचं व्याज. त्यांना दुसऱ्या दिवशी काय करायचं हे सांगावं लागलं नाही.

म्हणून भाच्याला मी पहिलं काम दिलं ते उसाच्या दराचं. घरी दोन एकर ऊस आहे, दर वर्षी बिलावरनं चर्चा होते, आणि नियम छापील आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच दर, ठरवली ती अशी: १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३४० रुपये, त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ, खाली दर ०.१ टक्क्याला तेवढीच घट. उतारा ९.५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली घसरला तर ३१५.१० रुपये, त्याहून कमी नाही. उतारा एकट्या शेतकऱ्याचा धरत नाहीत, कारखान्याचा सरासरी धरतात.

आधी वहीत करायला लावलं. उतारा ११.४५. वरचा फरक १.२ टक्के, म्हणजे ०.१ चे बारा टप्पे. बारा गुणिले ३.३२ म्हणजे ३९.८४. दर ३७९.८४ क्विंटलला, टनाला ३,७९८.४०. घरचा ४२ टन, एकूण १,५९,५३२ रुपये ८० पैसे. हे हातानं आल्यावरच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला हात लावायचा, अशी अट होती.

मग त्यानं प्रोग्रॅम लिहिला. फरक काढला, ०.१ नं भागला, आलेल्या आकड्यातला पूर्णांक घेतला. उत्तर आलं क्विंटलला ३७६.५२. बारा टप्प्यांऐवजी अकराच. ४२ टनांवर १,३९४ रुपये ४० पैसे कमी.

पोरगं दीड तास त्यावर बसलं. शेवटी फरक नुसता पडद्यावर छापून बघितला तर १.२ नव्हताच, १.१९९९९… अशी नऊंची रांग. संगणक दशांश संख्या दोनच्या पायावर साठवतो. एकाला तीननं भागल्यावर आपल्याकडं ०.३३३३ संपत नाही, तसं ११.४५ त्याच्याकडं संपत नाही, मग तो जवळची संख्या धरतो. ती केसभर कमी निघाली, भागाकार बाराच्या जरा खाली आला आणि पूर्णांकानं अख्खा टप्पा खाल्ला. उतारा शंभरानं गुणून पूर्ण संख्येत ठेवला, ११४५ वजा १०२५ बरोबर १२०, त्याला १० नं भागलं, बारा आले. दुरुस्त.

वहीत उत्तर नसतं तर ३७६.५२ बघून तो खूश झाला असता आणि पुढच्या धड्याला गेला असता. माझं म्हणणं तेवढंच आहे. नव्या माणसानं पहिले दोन महिने एकच भाषा धरावी, उत्तर आधीच माहीत असलेला घरचा हिशेब घ्यावा, वहीत मांडावा, मग लिहावा आणि पडताळावा. सहा भाषांना आयुष्य पडलंय. पहिली भाषा पायथन घ्या म्हणतो, कारण पहिल्या ओळीपासून हिशेब सुरू करता येतो.

---

अजिंक्यतारा (सातारा)

वही आणि पडताळणी, दोन्हीला माझा पाठिंबा. पायथनला विरोध. सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भाच्याला दीड तास जिथं लागला, तिथंच माझा मुद्दा आहे. संख्या मेमरीत कशी बसते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. योगायोगानं चूक दिसली म्हणून तो शिकला. सी भाषेत ही गोष्ट पहिल्या आठवड्यात समोर येते, कारण तिथं इंट (पूर्णांक) घ्यायचा की फ्लोट (दशांश संख्या), हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझ्या एका बॅचला उसाच्या खेपांच्या वजनाची बेरीज दिली होती, किलोमध्ये. टर्बो सी हे सीचं जुनं साधन होतं, त्यात इंट सोळा बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक मावणारी एक जागा), म्हणजे ३२,७६७ पर्यंतच धाव. मुलांच्या दोन खेपा मिळून ३३,००० किलो झाल्या आणि पडद्यावर आलं उणे ३२,५३६. वर्गात शांतता. मग फळ्यावर सोळा चौकोन काढले, एकेक बिट भरलं, डावीकडचं टोकाचं बिट एक झालं की संख्या ऋण का वाचली जाते ते दाखवलं. त्या बॅचमधली मुलं आज भेटली तरी त्या तासाची आठवण काढतात. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, उणे ३२,५३६ कधी दिसतच नाही. सोय म्हणून उत्तम. पण शिकणाऱ्याला ही सोय पहिल्याच दिवशी दिली तर पडद्यामागं काय चालतं हा प्रश्न त्याला पडणार कधी?

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही मुख्यतः त्याच भाषेत आहे. आपण सगळे वापरतो तो पायथनसुद्धा सीमध्येच लिहिलेला आहे. विहीर खणायची तर आधी कुदळ धरायला शिकावं. मोटारीचं बटण दाबायचं काम नंतरचं.

---

वारणाकाठ (इस्लामपूर)

सर, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या वर्गात मी असते तर कदाचित मलाही सी आवडली असती. आमच्यात काय झालं ते सांगते.

पहिल्या सेमिस्टरला सी. लॅबमध्ये टर्बो सीची ती निळी खिडकी. जर्नलला वीस प्रोग्रॅम, ते वीसच्या वीस परीक्षेला पाठ. वर कोनियो हेडर का लिहायचं, सुरुवातीला सीएलआरएससीआर का, शेवटी गेटसीएच का, कुणालाच माहीत नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवावा तसं लिहायचो. घरी लॅपटॉप नव्हता. मोबाईलवर एक कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारं साधन) घेतला आणि लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला, तर पहिल्याच ओळीला त्रुटी. कोनियो नावाची फाईलच तिथं नाही म्हणाला. मला वाटलं मीच काहीतरी मोडलं. तीन आठवडे मी पुन्हा हात लावला नाही.

मग चुलतभावानं मोबाईलवर पायड्रॉइड हे पायथनचं ॲप घालून दिलं. पहिल्या रात्री मी बाबांच्या किराणा उधारीची बेरीज केली. चुकीचीच आली, वीस आणि पंधरा मिळून दोन हजार पंधरा. इनपुट मजकूर म्हणून येतो, आकडा म्हणून नाही, हे तेव्हा कळलं. पण ती चूक माझी होती आणि मला ती समजली. सीमधली चूक कुणाची होती हेच कळत नव्हतं.

भीती एकदा बसली की निघत नाही, सर. आमच्या वर्गातल्या अकरा मुली पहिल्या सेमिस्टरनंतर "कोडिंग आपल्याला जमत नाही" म्हणून बसल्यात. त्यांतल्या चार गणितात माझ्यापेक्षा पुढं होत्या.

---

अजिंक्यतारा (सातारा)

बेटा, तुझं वाचून वाईट वाटलं. तो दोष सीचा नाही, शिकवण्याचा आहे आणि जुन्या साधनाचा आहे. कोनियो, सीएलआरएससीआर हे सीच्या प्रमाणित भाषेचा भागच नाहीत. ते त्या काळच्या डॉसवरच्या कंपायलरनं दिलेलं होतं. टर्बो सी तीस वर्षांपूर्वीचं साधन आहे, ते आजच्या मुलांसमोर ठेवू नये हे मीही माझ्या संस्थेत सांगून थकलो. जीसीसी हा सीचा कंपायलर फुकट आहे, मोबाईलवरही चालतो. व्हॉइड मेन ऐवजी इंट मेन लिहायचं. सुट्टीत एकदा पुन्हा करून बघ.

---

खराडीतला मिरजकर

मी दोघांच्याही विरोधात लिहितोय.

चौदा वर्षं पुण्यात आहे आणि गेली सहा वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. सांगली, सातारा, कोल्हापूरकडची मुलं आली की आधी बरं वाटतं, मग जीव तुटतो. हळदबाजार, तुमचा भाचा नशीबवान. त्याच्या मामाकडं अठरा वर्षांचा अनुभव आहे, घरी दोन एकर ऊस आहे, चूक झाली तर दीड तास बसायला मोकळीक आहे. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी कर्ज आहे. त्यांना "घरचा हिशेब मांड, मजा घे" असं सांगणं म्हणजे भुकेल्याला पेरणीचं शास्त्र सांगणं आहे. त्यांना वर्षभरात पगार हवा असतो.

आणि क्लासला सरसकट नको म्हणू नका. मी स्वतः मिरजेत क्लास लावूनच शिकलो. क्लासनं मला ज्ञान फार दिलं नाही, पण संध्याकाळी सहाला कुठंतरी जायचं असतं, शेजारी कुणीतरी आपल्यापेक्षा पुढं असतं, एवढं दिलं. घरी एकट्यानं मोबाईलवर शिकणाऱ्या दहातले किती सहा महिने टिकतात ते वारणाकाठनंच सांगावं.

सहा भाषा चार महिन्यांत, हे मात्र फसवं आहे, तिथं वाद नाही. सहा भाषा लिहून आणणाऱ्या मुलाला मी वारणाकाठचाच प्रश्न विचारतो, वीस अधिक पंधरा दोन हजार पंधरा का आले? बहुतेक गप्प बसतात. पण नोकरीसाठी लागतं ते उसाचं बिलही नाही. एक भाषा बऱ्यापैकी, डेटाबेसमधनं माहिती काढायची भाषा एसक्यूएल चांगली, आणि दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचता येणं. तिसरी गोष्ट कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. नोकरी लागल्यावर पहिलं वर्षभर मुलगा नवं काही लिहीत नाही, दुसऱ्याचं वाचून दुरुस्त करतो.

---

हळदबाजार (सांगली)

मिरजकर, भुकेल्याची गोष्ट मान्य. पण मजा घे असं मी कुठं म्हटलं? घाई असलेल्यानंच एक भाषा धरावी असं म्हणतोय. कर्ज काढून ४५ हजार भरणाऱ्याला सहा भाषांची तोंडओळख विकणं मला जास्त निर्दय वाटतं.

कोड वाचण्याचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता. तो भाच्याला सांगतो.

---

पैलतीर (सांगलीवाडी)

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. काल रात्री हळदबाजार यांचा प्रोग्रॅम मीही लिहून बघितला आणि एका जागी अडले. चर्चा भाषेवर चाललीय, पण मला चूक दुसरीकडंच दिसते.

तुम्ही "दर ०.१ टक्क्याला" याचा अर्थ टप्पे असा घेतलात. पूर्ण टप्पा झाला तरच ३.३२, असं. ११.४५ ला ते खपून जातं, कारण फरक बरोबर बारा टप्प्यांचा आहे. पण नियमानंच दिलेलं दुसरं उत्तर घेऊन तपासा: ९.५ टक्क्यांना ३१५.१०.

तुमच्या दुरुस्त प्रोग्रॅममध्ये ९५० वजा १०२५ म्हणजे उणे ७५. पायथनच्या दोन तिरक्या रेघांच्या भागाकारानं त्याला १० नं भागलं की उत्तर उणे ८, कारण तो नेहमी खालच्या पूर्णांकाकडं जातो. आठ टप्पे घटले की दर ३१३.४४. अजिंक्यतारा सरांच्या सीमध्ये तोच भागाकार उणे ७ देतो, कारण तिथं अपूर्णांक शून्याच्या दिशेनं छाटला जातो. सात टप्पे, दर ३१६.७६. नियम म्हणतो ३१५.१०.

दोन्ही भाषा चुकल्या, वेगवेगळ्या चुकल्या, आणि दोघींचाही दोष नाही. ३४० मधून ३१५.१० वजा केले की २४.९० उरतात, त्याला ३.३२ नं भागलं की साडेसात येतात. साडेसात! म्हणजे टप्पे नाहीतच, सरळ प्रमाण आहे. आठवीचं त्रैराशिक. फरकाला १० नं भागून छाटायचंच नव्हतं. ७५ गुणिले ३३२ करा, २४,९०० येतात, ते रुपयाचे हजारावे भाग. ३,४०,००० मधून वजा करा, ३,१५,१०० उरतात. पैशाचाही फरक नाही.

मी मुलांना हेच सांगत असते. एक उत्तर जुळलं म्हणून थांबायचं नाही. मधलं एक, वरच्या टोकाचं एक, खालच्या टोकाचं एक, आणि बरोबर सीमेवरचं एक. इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) शिकवताना मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाण्याची पातळी घेते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. मुलं आधी लिहितात, पाणी ४० किंवा जास्त असेल तर "इशारा", नाहीतर ४५ किंवा जास्त असेल तर "धोका". मग मी २०१९ च्या ऑगस्टचा आकडा घालायला सांगते, ५७ फूट. पडद्यावर येतं "इशारा". आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलानं ते पाणी घरात बघितलंय, कुणी माळ्यावर बसून, कुणी बोटीतून. "बाई, हे चुकीचंय" असं वर्ग एका सुरात ओरडतो. मग अटींचा क्रम का महत्त्वाचा हे फळ्यावर लिहावं लागत नाही.

आणखी एक, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात. दर, उतारा, टन, असं सरळ लिहा. वापरणाऱ्यानं ४५ हा आकडा देवनागरीत टाईप केला तरी इंट तो ओळखतो. कोडमध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात, आणि इफ, फॉर हे शब्दही. माझ्या नववीच्या मुलांचं निम्मं ओझं तिथं उतरलं. पुढं नोकरीत इंग्रजी नावं द्यावी लागतील, ती तेव्हा देतील.

---

हळदबाजार (सांगली)

बाई, तुम्ही बरोबर आहात. मी टप्पे धरून बसलो होतो, आणि ११.४५ जुळल्यावर पुढं तपासलं नाही. भाच्याला जे सांगितलं ते मीच अर्धं केलं. आज सकाळी ९.५, १०.२५, १०.३ आणि ९.२ असे चार उतारे घालून त्याच्याकडनं पुन्हा लिहून घेतलं. ९.२ ला ३०५ च्या आसपास येत होतं, किमान दराची अट घालायची राहिली होती. तीही घातली.

---

नवा रस्ता (वाई)

माफ करा, पण तुम्ही सगळे २०२२ च्या आधीच्या जगात बोलताय असं वाटतं. त्या वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हा धंदाच बदलला. वर सांगितलेला नियम मी त्यात मराठीत टाकला, दहा सेकंदांत पूर्ण प्रोग्रॅम मिळाला, प्रत्येक ओळीला मराठी टीप. सी की पायथन हा वाद आता घोड्याचा नाल कुठल्या लोखंडाचा असावा यासारखा आहे. मी माझ्या मुलाला भाषा शिकवणारच नाही. काम नीट सांगायला शिकवणार. ते एकदा जमलं की लिहायचं काम यंत्राचं.

---

पैलतीर (सांगलीवाडी)

एक विनंती आहे. त्या प्रोग्रॅममध्ये उतारा ९.२ घालून काय येतं ते इथं लिहाल का?

---

नवा रस्ता (वाई)

३०५.१४ आलं. किमान दर धरलेला नाही. पण ते वाक्य मी टाकायचं विसरलो होतो, टाकल्यावर त्यानं लगेच दुरुस्त केलं. म्हणजे चूक माझ्या सांगण्याची होती, आणि मी तेच म्हणतोय, सांगता यायला हवं.

---

खराडीतला मिरजकर

नवा रस्ता, बाईंनी ९.२ विचारलं म्हणून तुम्हाला कळलं. ९.२ विचारावं हे बाईंना का सुचलं? त्यांनी ते स्वतः मांडलं होतं म्हणून. आमच्या ऑफिसात ही साधनं सगळे वापरतात, मीही रोज वापरतो आणि काम वेगानं होतं. पण मुलाखतीत मी आता यंत्रानं लिहिलेला कोडच समोर ठेवतो आणि विचारतो, यात काय चुकेल? ज्यानं हातानं कधीच लिहिलं नाही त्याला तिथं एक ओळही बोलता येत नाही.

---

वारणाकाठ (इस्लामपूर)

मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी काय करते ते लिहिते.

आमच्या गावात प्रोग्रॅमिंग येणारं कुणी नाही. रात्री अकराला अडले तर विचारायचं कुणाला? कॉलेजात सरांना विचारायला मुली लाजतात, शंका फालतू वाटेल म्हणून. एआयला तीच गोष्ट सात वेळा विचारली तरी ते वैतागत नाही, आणि मराठीत सांगतं. माझ्यासारखीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांच्याकडं विचारायला माणसं आहेत त्यांना ती कळणार नाही.

पण पहिल्या महिन्यात मी त्याच्याकडनं उत्तरंच घेत होते. सगळं वाचताना कळायचं, दुसऱ्या दिवशी कोरी स्क्रीन समोर आली की एक ओळ सुचायची नाही. आता नियम केलाय. आधी वहीत, मग मोबाईलवर, अडले तर आधी त्रुटीची शेवटची ओळ वाचायची. पायथन शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते सांगतो आणि त्याच्या वर कुठल्या ओळीत ते. लाल अक्षरं दिसली की आम्ही खिडकीच बंद करायचो, त्यात उत्तर असतं हे माहीतच नव्हतं. ते वाचूनही नाही कळलं तर एआयला विचारते, पण प्रोग्रॅम लिहून दे असं म्हणत नाही. "माझं कुठं चुकतंय ते दाखव, दुरुस्त करू नकोस" असं विचारते.

मिरजकर दादा, तुम्ही विचारलं होतं किती टिकतात. आमच्या गटात सात जणी होतो, तीन उरलोय. तिघी दर रविवारी एकीच्या घरी बसतो. ते नसतं तर मीही सुटले असते. तेवढ्यापुरतं तुमचं क्लासचं म्हणणं खरं आहे. फक्त त्याला ४५ हजार लागत नाहीत.

आणि सातारच्या सर, मी परवा जीसीसी घालून घेतलं. ३३,००० घातले, तर उणे आलं नाही.

---

अजिंक्यतारा (सातारा)

कारण आता इंट सहसा बत्तीस बिटांचा असतो, त्याची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. शॉर्ट इंट घे, तो सोळाचा आहे. पुन्हा ३३,००० ठेव आणि छापून बघ. मग वहीत सोळा चौकोन काढ आणि हे उणे कुठनं आलं ते मला लिही. घाई नाही.

बाईंच्या उदाहरणानं मला दोन दिवस विचार करायला लावलं. उणे पंच्याहत्तरला दहानं भागलं की सी उणे सात म्हणते आणि पायथन उणे आठ, हे मला अर्थातच माहीत होतं. पण मी असतो तर तिथं फळ्यावर भागाकाराचे नियम शिकवले असते आणि नियमाचा कागद पुन्हा उघडलाच नसता. पहिली भाषा सीच हवी हे माझं मत मी सोडत नाही. निदान दुसऱ्या सेमिस्टरला तरी प्रत्येकानं ती करावी, नाहीतर यंत्र आतून कसं चालतं हे न कळणारी पिढी तयार होईल. पण जी मुलं घाबरून गेली, त्यांचा हिशेब माझ्याकडं कधी नव्हता. पास झालेल्यांचीच नावं मला आठवतात.

---

पलूसची आई

मी हळदबाजारची बहीण. सगळं वाचलं, निम्मं कळलं. मग आता क्लासचे पैसे भरायचे की नाही? आणि लॅपटॉप घ्यायचा का? पोराचे वडील म्हणतात दिवाळीनंतर बिलाचा हप्ता आला की बघू.

---

खराडीतला मिरजकर

ताई, तो क्लास नको. पैसे लॅपटॉपला ठेवा. नवाच हवा असं नाही, जुना चांगला मिळाला तरी शिकायला पुरतो, फक्त रॅम आठ जीबी बघून घ्या. दिवाळीपर्यंत मोबाईलवर चालू दे. आणि त्याला एकटा बसवू नका, वर्गातले दोघं-तिघं सोबती शोधायला सांगा. सहा महिन्यांनी नोकरीच्या बाजूनं काय शिकायचं ते मला विचारा, मी यादी देतो.

---

हळदबाजार (सांगली)

अगं, मिरजकर म्हणतात तसंच कर.

भाच्याचं काल रात्रीचं सांगतो. दर बरोबर आल्यावर त्यानं तो घरच्या खऱ्या बिलाशी लावून बघितला, तर जुळेना. प्रोग्रॅमची रक्कम जास्त, बिलाची कमी. पुन्हा तासभर स्वतःच्या ओळी तपासत बसला. मग दाजींनी त्याला बिलाचा खालचा भाग दाखवला, तोडणी-वाहतुकीची कपात. एफआरपी कारखान्याच्या दारातली, तोडणी-वाहतूक त्यातनंच जाते. इतकी वर्षं घरात बिल येतंय, पण पोरानं ते पहिल्यांदा खालपर्यंत वाचलं.

आता त्याला बघायचंय की ही कपात टनामागं दर वर्षी किती वाढली. दाजींनी ट्रंकेतनं मागच्या पाच हंगामांच्या पावत्या काढून दिल्यात. त्या एकेक करून तो फाईलमध्ये भरतोय आणि आज सकाळी विचारत होता, पायथनला फाईल वाचायला कशी सांगायची. वारणाकाठ, तू उधारीच्या वहीसाठी कशी वाचलीस ते त्याला इथंच लिहून दे. माझ्यापेक्षा तुझं त्याला लवकर कळेल.